उदय, तुझ्या रायफलला एकही डबा का चालेना

उदय, तुझं कपाट शेवटी कापावं लागलं. किल्ली सापडलीच नाही. सुनीतावहिनींनी देवघराच्या खणापासून गराजमधल्या रंगाच्या डब्यांपर्यंत सगळं उलटंपालटं केलं. तू नेहमी म्हणायचास, "या देशात बायकोपासून लपवलीच पाहिजे अशी एकच गोष्ट आहे, बंदुकीच्या कपाटाची किल्ली. कायदाच आहे तसा." आणि मग स्वतःच खदाखदा हसायचास. मी तेव्हाही विचारलं होतं, एकच का रे? तर वहिनींसमोर मला डोळा मारलास. उजवा. आता मला त्या डोळ्याचाही संशय येतो.

तुला जाऊन महिना होत आला. सकाळी चहा ठेवलास, खुर्चीत टेकलास, उठलाच नाहीस. हार्ट अ‍ॅटॅक. बाकी जे लिहायचं ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर लोकांनी लिहिलं: दिलदार माणूस, कोल्हापूरचा वाघ, लेस्टरच्या गणपतीचा कणा. खोटं काही नाही त्यात. पण मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

कीथने कपाटातून रायफल काढली आणि दुकानात नेऊन ठेवली. घरात लायसन्सवालाच नाही म्हटल्यावर ठेवता येत नाही ना. कीथ तोच रे आपला, काडतुसांचा दुकानदार, क्लबची रेंजही तोच बघतो. तो जाताना म्हणाला, "ही वॉज अ व्हेरी पर्टिक्युलर मॅन, युवर फ्रेंड." मी म्हटलं, पर्टिक्युलर? गेल्या वर्षभरात ह्या माणसाने तुझ्या फळीवरचा काडतुसांचा एकेक डबा आणून रिजेक्ट केलाय. आणि का, ते मला अजून कळलेलं नाही.

मला हे सगळं शिकवलंस तूच. पुण्यातल्या आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत शिजायचं, आणि मी तुझ्या घरी हरणाचा तांबडा रस्सा वाटीने पीत होते. एकदा तू म्हणालास, "खातेस ना, मग एकदा बघून ये कुठून येतं ते." शेतकऱ्याच्या कोवळ्या गव्हात हरणांचे कळप उतरायचे, आणि ती कमी करायची परवानगी तुझ्याकडे होती. मी बघायला म्हणून आले आणि दोन वर्षांनी स्वतःचं लायसन्स काढून बसले. आमच्या आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी वीकेंडला वॉकिंगला जाते.

मग रायफल निवडायची वेळ आली, आणि आपलं युद्ध सुरू झालं.

माझा स्वभाव तुला माहीत. दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी. 'हे बरं की हे बरं' विचारलं की समोरचा मला खूश करायला उत्तर देतो, हे मला कळतं. जाहिरातीवर तर माझा काडीचा विश्वास नाही. कुठल्याही कंपनीची रायफल बघा, सोबत कागदावरच्या तीन भोकांचा फोटो, एकमेकांना चिकटलेली. मी म्हटलं, हे तीन निवडलेत कुठून? तू टेबलावर हात आपटलास. "शाब्बास! इन्स्पेक्टरीणबाई! तीन नाही, पाच मारायच्या. आणि भोकांचा चांगला पुंजका नाही बघायचा, सगळ्यात वाईट कुठला पडला तो बघायचा. हरणाला तुझा वाईटच मिळणार आहे, असं धरून चालायचं."

मला ते साडेसहा मिलिमीटरचं नवं काडतूस हवं होतं, ज्याच्यावर सगळे लट्टू झालेत. तू हटून बसलास, जुनं, सगळीकडे मिळणारं थ्री-ओ-एटच घे. मी विचारलं, का? तुझ्याकडे आहे म्हणून? "आधी रायफल बघतात लोक. येडे. आधी फळी बघायची. कुठल्याही गावच्या दुकानात गेलीस तर काय मिळतंय? पोस्टाने काडतूस येत नाही इथं, स्वतः जाऊन आणावं लागतं. आज एक डबा चालला, पुढच्या सीझनला तो मिळालाच नाही, मग काय, कळपाला थांबा म्हणणार?" मी म्हटलं, काडतुसं घरी भरतात की लोक. ती आपल्या क्लबातली म्हातारी मंडळी, बारूद तोलून तोलून. तू नाक मुरडलंस. फॅक्टरीतल्या बेअरिंगवर आयुष्य घालवलेला माणूस तू. तुझं म्हणणं, हजारात एकसारखं निघतं ते खरं काम. एक सुंदर तर कुणीही करेल. रायफल अशी घ्यायची की तिने फॅक्टरीचा डबा गपगुमान खाल्ला पाहिजे. लाड चालणार नाहीत.

"आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची," हे तर तू मला घोकून घेतलंस. डबा बदललास तर नळी साफ करायची नाही. नळी साफ केलीस तर स्कोपला, त्या नेम धरायच्या दुर्बिणीला, हात लावायचा नाही. नाहीतर चूक कुणाची, कधीच कळणार नाही. हे वाक्य लक्षात ठेव, उदय. तुझंच आहे.

साधी रायफल घेतली शेवटी. थ्री-ओ-एटच. प्लास्टिकचा दस्ता, सुबक नळी, हलका ट्रिगर. स्कोपची काच मात्र मी निवडली. लेन्सच्या बाबतीत मी तुझं ऐकणार नव्हतेच. कीथने वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे दिले. शिशाच्या गोळ्यांवर बंदी यायचीय, म्हणून सगळ्या तांब्याच्या. एका डब्याने कागदावर अशी भोकं पाडली की बशीखाली झाकू म्हटलं तर झाकेनात. दुसऱ्याने बरी. तिसऱ्या डब्याची पाचही चहाच्या कपाच्या बुडाखाली मावली. तीच रायफल, तीच मी. मला पटेचना. मला वाटलं कीथ जुना माल खपवतोय. तू म्हणालास, "अगं, प्रत्येक नळीची आपली चव असते. तुझ्या सासूला कोलम चालत नाही, आंबेमोहोरच लागतो, तसं. आता त्याच बॅच नंबरचे मिळतील तेवढे घेऊन ठेव आणि गप्प बस." मी घेऊन ठेवले. गप्प काही बसले नाही.

त्याच दिवशी तू तुझी रायफल काढलीस. आणि तुझ्या गोळ्या पांगल्या.

तुझ्या! ज्याचे पुंजके कीथ दुकानात काउंटरमागे लावायचा. तू कागद आणलास, घडी घातलीस, खिशात टाकलास. मी म्हटलं, दाखव. "बॅच खराब आहे," म्हणालास. बरं. पुढच्या खेपेला वेगळी कंपनी. पुन्हा पांगल्या. मग वजनदार गोळी, मग हलकी, मग तो महागडा डबा ज्याच्यावर सोनेरी हरीण आहे. त्या दिवशी तू डबा बदललास, नळी घासून आणली होतीस, आणि स्कोपच्या कड्याही नव्याने आवळल्या होत्यास. एकाच दिवशी तिन्ही! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. स्वतःच्या नियमावर थुंकणारा माणूस तू नव्हेस. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी तुझी रायफल बघू म्हटलं, तर चक्क हात आडवा घातलास. "दुसऱ्याची रायफल मागू नये." कधीपासून? पहिली गोळी मी तुझ्याच रायफलने मारली होती, तुझ्याच खांद्याला खांदा लावून. मग मी एक केलं. तू कीथशी बोलत होतास, तेव्हा तुझ्या त्या 'भिकार' डब्यातली काडतुसं, तूच बाकावर टाकून दिलेली, माझ्या रायफलमधून मारली. पाचच्या पाच एका कपाखाली. कागद तुझ्या नाकासमोर धरला. म्हटलं, बोल आता, डबा खराब आहे?

तू कागद माझ्या हातातून घेतलास, घडी घातलीस. मग म्हणालास, "तुझ्या नळीला चालतो. माझ्या नळीला चालत नाही. चव गं, चव."

तूच शिकवलेलं. खरंही होतं. तुझ्याच शिकवणीची ढाल करून माझ्यासमोर उभा राहिलास. ताकास तूर लागू दिली नाहीस. परत निघालो. गाडी मीच चालवत होते. हेही नवीनच होतं तेव्हा. "तू चालव, माझी पाठ धरलीय" म्हणायचास. मला वाटलं, चिखलात घालायला माझी गाडी बरी सापडली ह्याला.

मग तो हिवाळा. दर शनिवारी आपण जायचो, शेताच्या हद्दीवरच्या झाडीत दबकत. हरीण माझ्याआधी तुलाच दिसायचं. दुर्बीण लावायचास आणि बोटाने दाखवायचास, तिकडे, ओकच्या बुंध्याजवळ, कान हलला. म्हणूनच तर माझं डोकं तिकडे गेलं नाही. एकदा सरळ विचारलंच होतं मी, "दिसतंय ना रे नीट?" तर तू शेतापलीकडच्या फाटकावरची पाटी खडाखडा वाचून दाखवलीस आणि वर म्हणालास, "फी किती झाली मॅडम?"

पण तुझी रायफल एकदाही वाजली नाही. तिकाटण्यावर, त्या तीन काठ्यांच्या टेकूवर, टेकवायचास, गाल लावायचास, थांबायचास. मी श्वास धरून. मग मान हलवायचास. वारा फिरला. मध्ये फांदी आहे. मागे गोळी अडवायला माती नाही. अरे, मागे अख्खा बांध उभा होता! मी कुजबुजत म्हटलं, "उदय, बांध आहे की!" तू सेफ्टी लावलीस, बाजूला सरकलास आणि म्हणालास, "मला ह्या डब्याचा भरवसा नाही. तू मार." मी मारली. मादी जागच्या जागी बसली. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस, इतकी जोरात की मी कळवळले. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. थंडीने असेल म्हटलं. आणि मनात म्हटलं, हा घाबरतोय. म्हातारा झाला, हरणाची दया यायला लागली, आणि कबूल करायची लाज वाटते म्हणून फॅक्टरीवाल्यांना शिव्या देतोय.

दिवाळीच्या फराळाला तू नवा चष्मा घालून आलास. चष्मा! माझ्याकडचा नाही! इतकी वर्षं तुझे आणि वहिनींचे डोळे मी तपासले, वर्षातून एकदा, न चुकता. आणि ह्या बाबाजींच्या नाकावर कुठल्यातरी चेन स्टोअरची फ्रेम. "लंडनला, हॅरोला भाचीकडे गेलो होतो, तिथं सेल होता," म्हणालास. चकलीवरून लक्ष न काढता. मी आतल्या आत जळले. म्हटलं, जा मर. नंबर चुकला की येशील रडत.

म्हटलं होतं बघ. जा मर. तोंडातल्या तोंडात. असू दे.

परवा वहिनींकडे गेले होते. कपाट कापल्यावर भिंतीला चार भोकं राहिलीत, ती त्या बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मंजिरी, एक विचारू? दर महिन्याला तुझ्याकडे चेकअपला यायचे ना, काय निघालं होतं गं? मला म्हणायचे, काही नाही, मंजी उगाच बोलावते, संशयी आहे."

उदय! दर महिन्याला? माझ्याकडे? वर्षभरात तू माझ्या दुकानाची पायरी चढला नव्हतास. आणि माझं हे घाणेरडं डोकं पहिल्यांदा कुठे धावलं असेल ते तू ओळखलंस. हो, तिथेच. हॅरोची भाची खरीच आहे ना, इथपर्यंत जाऊन आलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो, यायचा. तसं काही नव्हतं. डोळ्याचं प्रेशर बघायचे मी." इतकं सराईत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. जाता जाता मलाही तुझ्या कटात ओढलंस.

तिथून सरळ कीथकडे गेले. म्हटलं, उदयची रायफल मला रेंजवर चालवून बघायचीय. तो म्हणाला, विकत घेणार? मी म्हटलं, आधी बघू दे. रविवारी तो घेऊन आला, आणि तुझा तो शेवटचा टाकलेला डबाही. तीच बॅच.

बाकावर झोपले. दस्ता गालाला लावला. उजव्या डोळ्याने स्कोपमध्ये बघितलं, तर आत धुकं. कागद दिसतोय, पण नेम धरायची फुली नाही. म्हणजे आहे, पण पाण्यात पडलेल्या केसासारखी. काच पुसली. तेच. मग माझा अंगठा आपोआप डोळ्याजवळच्या कड्यावर गेला, ज्याने फुली आपापल्या नजरेला लावून घेतात. ते कडं शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. पार टोकाला. त्याच्यापुढे ते जातच नाही.

माझं काम हेच आहे रे. अशी माणसं माझ्या खुर्चीत रोज बसतात. नंबर बदलला असेल, म्हणतात. नवा चष्मा द्या. हा नको, दुसरा द्या. भिंगं फिरवत राहते मी, आणि कुठलंच भिंग बरं वाटत नाही, कारण बिघाड भिंगाने सुधारणारा नसतोच, आत पडद्यावर असतो, मधोमध. तेव्हा मी थांबते आणि त्यांना हॉस्पिटलला पाठवते. तिथे महिन्याच्या महिन्याला बोलावून डोळ्यात इंजेक्शन देतात.

महिन्याच्या महिन्याला.

तू डबे बदलत होतास. शिसं, तांबं, हलकी, जड, सोनेरी हरणाचा. ते कडं फिरवत होतास. चष्मा हॅरोहून आणलास, कारण माझ्या खुर्चीत बसला असतास तर पहिल्याच मिनिटाला पकडला गेला असतास. आणि वहिनींना माझं नाव सांगून मोकळा झालास. वा रे वा!

मी कडं माझ्या नजरेला येईपर्यंत मागे आणलं. आणताना वाटलं, हात तोडून टाकावा. तुझं असं एवढंच उरलं होतं तिथे. फुली लख्ख झाली. पाच मारल्या. कीथ दुर्बिणीतून बघत होता. "वेल," म्हणाला, "नथिंग रॉंग विथ द रायफल. ऑर द अ‍ॅमो." पाचही एका कपाखाली होत्या. मी त्याला म्हटलं, माहितेय. आणि तिथेच बाकावर डोकं टेकून रडले. त्या बिचाऱ्याला काय करावं कळेना, त्याने फ्लास्कमधला चहा आणून ठेवला.

तर माझा संशय बरोबर होता. तू खोटं बोलत होतास. वर्षभर, मला, वहिनींना, कीथला. फक्त हरणाशी एकदाही नाही. उजव्या डोळ्याला फुली नीट दिसली नाही की रायफल खाली. कुणी विचारलं की डबा वाईट. शेतावर कळप यायचा थांबला नसता, म्हणून मला तयार केलंस, तुझंच काडतूस घ्यायला लावलंस, त्याच बॅचचे डबे साठवायला लावलेस. मी काय काय समजले तुला. भित्रा. म्हातारा. आणि ते हॅरोचं तर विचारूच नकोस.

पण माफ मात्र मी तुला करणार नाहीये. तुला वाटलं, इन्स्पेक्टरीणबाईला कळलं की संपलं. रायफल बंद, शनिवार बंद. म्हणून तिच्यापासून लपवायचं. गाढवा, एवढी वर्षं ओळखत होतास ना मला? मी आधी शिव्या दिल्या असत्या, हे खरं. मग लायसन्सवाल्यांना काय ते रीतसर कळवायला लावलं असतं. आणि मग तुला गाडीत घालून कीथकडे नेलं असतं आणि म्हटलं असतं, डाव्या हाताची रायफल दाखव. बोल्टची खिट्टी डावीकडे असलेली. पुन्हा पहिल्यापासून. कुठली नळी, कुठला दस्ता, फळीवर काय मिळतंय, कुठला डबा चालतो. तू थ्री-ओ-एट म्हणाला असतास, मी मुद्दाम साडेसहा म्हटलं असतं. डाव्या खांद्याला रायफल लावायला शिकताना तू लहान पोरासारखा चिडला असतास, आणि मी बाजूला बसून तुझे सगळ्यात वाईट पुंजके मोजले असते. पुढच्या हिवाळ्यापर्यंत जमलं असतं.

तुझा डावा डोळा उत्तम होता, उदय. फाटकावरची पाटी त्यानेच वाचलीस ना. मला तो माहीत होता. इतकी वर्षं मीच बघत आले होते.